सज्ञान मुलगा आहे काय?

आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून देण्यासाठी माणसं रांगेत उभी राहिलेली तुम्ही कधी पाहिली आहेत का? मी पाहिली आहेत. दरवर्षी मार्चमध्ये, नाशिकच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात. त्या रांगेच्या टोकाला टेबल मांडून बसलेली बाई म्हणजे मी, पगारेबाई. आमच्या कॉलनीत मला अजूनही ‘निराधारवाल्या बाई’ म्हणतात. माझे यजमान हयात असताना त्यांना हे नाव मुळीच आवडायचं नाही.

सत्तरच्या दशकात मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. आधी रेशनकार्डं केली, मग आवक-जावक. ऐंशीच्या सुमाराला निराधारांना दरमहा अनुदान देणारी योजना आली आणि तिचं टेबल कोणालाच नको होतं म्हणून ते माझ्याकडे आलं. बाकीच्या टेबलांवर येणारा माणूस निदान चहा तरी पाजायचा. माझ्यासमोर येणाऱ्याला मीच चहा पाजायची वेळ यायची.

काम तसं सोपं. ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशा म्हाताऱ्या, विधवा, आंधळी-पांगळी, कामाला अंग न चालणारी माणसं अर्ज करणार. सोबत वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, तलाठ्याची चौकशी आणि गावातल्या पाच पंचांच्या सह्यांचा पंचनामा. मग तालुक्याच्या समितीपुढे ते प्रकरण जायचं आणि मंजूर झालं की अनुदान सुरू व्हायचं. त्यानंतर दरवर्षी स्वतः येऊन अंगठा द्यायचा, म्हणजे हयातीचा दाखला. एकदा तलाठ्याच्या चुकीने मयत ठरलेला एक म्हातारा टेबलावर काठी आपटत म्हणाला, “मेलेला मानूस येवढ्या जोरात बोलतो का?” मी म्हटलं, “बाबा, बोलणं रजिस्टरला लागत नाही, अंगठा लागतो.” सगळी रांग हसली. तोही हसला. असे दिवसही होते.

पण या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा हसण्यासारखं काही आठवलं नाही. आठवली ती त्या रांगेतली भीती. कागद हरवेल ही भीती, अंगठा नीट उठणार नाही ही भीती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे चुकीचं उत्तर दिलं तर आहे तेही जाईल, ही. लोक माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचे. मी भुवई उचलली की आधीचं उत्तर फिरवायचे. आणि खरं सांगते, त्या भीतीने काम भराभर उरकायचं, म्हणून मला ती सोयीची वाटायची. अंगात रग होती, वय पस्तिशीच्या आतलं होतं, आणि दिवसाला साठ माणसं हातावेगळी केली याचा मला अभिमान होता.

अशाच एका दिवशी गयाबाई पहिल्यांदा आली. साठीची, काटक, डोक्यावर पदर, बोटं हिरवट काळी पडलेली. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांची बोटं तशी होतात. नाशिकच्या पुढे नदीकाठाला भाजीपाल्याचे मळे आहेत, तिथल्या एका मळ्यात ती कामाला होती. फॉर्म मागायच्या आधीच तिने विचारलं,

“बाई, पोरगा आसला तं?”

“किती वर्षांचा?”

“मोठा हाय.”

“मग नाही मिळत. मोठा मुलगा असेल तर त्याने सांभाळायचं. सरका मावशी, मागे लोक आहेत.”

ती लगेच सरकली नाही. काहीतरी बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं होतं. मी तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाचा कागद घेतला. ती गेली.

आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा आली, भरलेला अर्ज घेऊन. कोणाकडून तरी भरून घेतलेला. त्यात एक रकाना होता: ‘सज्ञान मुलगा आहे काय? होय / नाही.’ तिच्या अर्जात ‘होय’ रेघ मारून खोडलेलं होतं, म्हणजे मुलगा नाही. मला ती आधी येऊन गेल्याचं आठवलंसुद्धा नाही. अर्ज पूर्ण होता, मी तो दाखल करून घेतला.

या नोकरीत नसलेल्यांना एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुलगा असेल तर मिळत नाही, हे मी तिला सांगितलं ते अर्धवट होतं. अट होती ती कमावत्या, सांभाळू शकणाऱ्या मुलाची. मुलगा स्वतःच जन्मापासून अधू असेल, त्याला स्वतःचं काही करता येत नसेल, तर आईचं अनुदान त्याच्यामुळे अडत नव्हतं. उलट तो सज्ञान असेल तर त्याला स्वतःचा अर्ज करता येत होता. दोघांनाही मिळालं असतं. पण फॉर्मवर जागा होती ती होय आणि नाही एवढ्याचीच. त्यापुढचा प्रश्न मी तोंडाने विचारायचा होता: मुलगा काय करतो? तीन शब्द. ते विचारायला मला वेळ नव्हता.

तिचा पंचनामा रीतसर झाला. आता त्या काळातल्या पंचनाम्याची रीतही सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तलाठी गावात जायचा, पारावर बसायचा, पाच जाणती माणसं गोळा व्हायची आणि ‘सदर बाईस कोणीही नाही’ यावर सह्या करायची. कधीकधी ते ‘कोणीही नाही’ समोरच तंबाखू मळत उभे असायचे. पंचांना त्यात खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही. म्हातारीला मदत मिळतेय, आपल्या खिशातून काही जात नाही, मग एक सही द्यायला काय हरकत आहे, असा सरळ विचार. त्यात वाईट हेतू नसायचा. पण एकदा सही झाली की अख्खं गाव त्या कागदाशी बांधलं जायचं. नंतर कोणीही विचारलं तरी उत्तर तेच, कारण दुसरं उत्तर दिलं तर बाईचं अनुदान जाणार आणि पाच पंच खोट्या सहीपायी अडकणार.

पुढच्या वर्षी वरून हुकूम आला की घरोघर जाऊन फेरतपासणी करा. मी आणि आमच्या कचेरीतले शिपाई रंगनाथमामा, दोघं एसटीने आणि पायी गावं फिरलो. गयाबाई ज्यांच्या मळ्यात राहायची ते निवृत्तीआण्णा पंचांपैकीच एक. त्यांची वस्ती गावाजवळ, आणि गयाबाईला दिलेली खोली मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. विटांच्या भिंती, वर पत्रा, एक दार आणि वीतभर झरोका.

आम्हाला बांधावरून येताना बघून ती धावतच खोलीकडे गेली आणि दार ओढून दारात उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. दोरीवर एक शर्ट वाळत होता, निळ्या चौकटीचा, चांगला उंच्यापुऱ्या माणसाचा. ओट्यावर दोन जर्मनच्या ताटल्या घासून उपड्या घातल्या होत्या. मी प्रश्न विचारत असताना आत काहीतरी धप्पकन पडलं.

“आत कोण आहे?”

“शेळी हाय बाईसाहेब.”

अंगणात एक लेंडी नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. तेवढ्यात बांधावरून निवृत्तीआण्णा मोठ्याने म्हणाले, “येकटीच हाय ती. कोन नाय तिला.” कोणी विचारलेलं नसताना.

मला वाटलं, सगळं कळलं. घरात धडधाकट पोरगा आहे, कामधंदा करत नाही, आईच्या जिवावर खातो आणि साहेब लोक आले की दडून बसतो. असे पुष्कळ पाहिले होते. तिची दया आली. नालायक पोराची शिक्षा हिला कशाला? मी शर्टाकडे कानाडोळा केला आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, ‘एकटी राहते.’ परत येताना रंगनाथमामा म्हणाले, “बाई, आत मानूस होतं.” मी म्हटलं, “मला दिसलं नाही.” आणि मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. नियमाला थोडी मुरड घालून एका गरीब बाईचं भलं केलं, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

त्याच्या पुढच्या मार्चमधली गोष्ट. सोमवार होता आणि दाखल्यांचा शेवटचा आठवडा, त्यामुळे रांग व्हरांडा सोडून आवारात गेलेली. गयाबाई सकाळच्या पहिल्या एसटीने आली असावी. तिचा नंबर अकराच्या सुमाराला लागला. आम्ही अंगठा स्वतः धरून उठवून घ्यायचो, कारण घाबरलेली माणसं तो फिरवतात आणि ठसा फिसकटतो. मी तिचा अंगठा शाईला लावला, रजिस्टरवर टेकवला, आणि तो हात माझ्या हातात एकदम जड झाला. वर बघितलं तर तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती माझ्या टेबलावरच कलंडली.

रंगनाथमामांनी आणि मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डोळे मात्र लख्ख उघडे. भरती करताना विचारलं, “नातेवाईक कोण?” मी तिच्या प्रकरणाची कारकून, सगळं तोंडपाठ. मी ताबडतोब म्हटलं, “कोणी नाही. निराधार आहे.”

हे ऐकून तिने घशातून एक आवाज काढला. डावा हात कमरेकडे नेला, पुन्हा नेला, माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला दाखल्याचा घोर लागलाय. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “मावशी, तुमचा दाखला झाला. अंगठा उठलाय. नाव कापणार नाही कोणी.” तिने डोळे गच्च मिटले. मी समजले, जीव भांड्यात पडला.

दवाखान्याच्या सांगण्यावरून आम्ही गावाला पोलीस पाटलामार्फत निरोप धाडला: बाई दवाखान्यात आहे, घरचं कोणी असेल तर पाठवा. मंगळवारी उत्तर आलं, लेखी, निवृत्तीआण्णांच्या सहीनिशी. ‘सदर बाईस कोणीही नाही.’ पंचनाम्यातलंच वाक्य, शब्दही बदललेला नाही. मी ते फाइलला लावलं.

मंगळवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर वॉर्डात गेले. सिस्टर वैतागलेली होती. “तुमची ही बाई कॉटवर राहत नाही. दोनदा खाली उतरायला बघत होती. कंबर दुखते वाटतं, सारखा हात तिथेच.” गयाबाईने मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं. मी एवढी येते, हिला काहीच कसं वाटत नाही, असं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा गेले. तिचे कपडे बदलले होते. सिस्टरने गाठोडं माझ्या हातात दिलं. “नातेवाईक नाही ना कोणी, तुम्हीच ठेवा.” जुनं लुगडं, तंबाखूची चंची, आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली एक मोठी किल्ली. “ही कमरेला होती,” सिस्टर म्हणाली. “काढताना मला चावायला आली हो.”

मी किल्ली हातात घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत आले. एकट्या बाईने घराला कुलूप लावून येणं यात काही विशेष नाही. पण दोन ताटल्या आठवल्या. निळ्या चौकटीचा शर्ट आठवला. घरात मुलगा असेल तर दाराला कुलूप कशाला? मुलाला घेऊन ती आली नव्हती. धडधाकट पोराला कोणी कोंडून बाहेरून कुलूप घालून जात नाही. मग कोणाला घालतात?

ज्याला एकटं बाहेर सोडता येत नाही त्याला.

सोमवारी पहाटेपासून बुधवारची दुपार. मार्चचं ऊन, वर पत्रा, आणि किल्ली माझ्या हातात. मी तिथल्याच बाकावर बसले आणि ‘मोठा हाय’ म्हणून पुढचं बोलायला तोंड उघडलेली गयाबाई दोन वर्षांनी मला लख्ख दिसली.

रंगनाथमामांना घेऊन मी रिक्षा केली. त्या रस्त्याने मी नंतर शंभर वेळा गेले असेन, पण तेवढा लांब तो कधी वाटला नाही. आणि त्या रिक्षात मला कशाची भीती वाटत होती, हे लपवून ठेवायचं असेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. निम्मी भीती त्या कोंडलेल्या जिवाची होती. निम्मी माझी होती. आत मुडदा असेल तर फाइल उघडणार. त्यात माझ्या अक्षरात ‘एकटी राहते’, खाली माझी सही. माझी दोन मुलं, यजमानांची कारखान्यातली नोकरी तेव्हा गेलेली, चौकशी लागली तर काय? मी मनातल्या मनात नवस बोलत नाही, आमच्या घरात ते नाही. पण त्या रिक्षात मी कोणाची तरी हात जोडून विनवणी करत होते, आणि ती त्याच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

निवृत्तीआण्णा मळ्यातच भेटले. कुलूप उघडायचंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “कशाला बाईसाहेब? आत काय नाय.”

“आण्णा, खरं सांगा.”

“आता काय सांगू... काय नाय आत.”

आम्ही दाराशी गेलो. रंगनाथमामांनी दार वाजवलं. “कोण आहे का आत?” काही नाही. पुन्हा वाजवलं. मी कान लावला. पत्रा उन्हाने तडतडत होता, बाकी शांतता. आण्णा मागून म्हणाले, “बघा, म्हनलं ना.” किल्ली माझ्याकडून कुलपात जाईना. शेवटी मामांनी ती घेतली आणि फिरवली.

दार उघडल्यावर आधी वास आला, मग अंधार, मग कोपरा दिसला. कोपऱ्यात तिशीचा एक पुरुष भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता, निळ्या चौकटीच्या शर्टात. डोळे उघडे होते. दोन्ही हातांनी त्याने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

तो जिवंत होता. पाण्याचा हंडा आडवा पडलेला, तळाशी ओल होती. बाजारासाठी बांधून ठेवलेल्या मेथीच्या जुड्या त्याने मातीसकट, मुळांसकट खाल्ल्या होत्या. बांधायची सुतळीही चघळलेली दिसत होती. मामांनी लोट्याने पाणी आणलं. तोंडावरचे हात काढायला त्याला बरंच समजवावं लागलं.

“दगू नाव त्याचं,” आण्णा दाराबाहेरूनच म्हणाले. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसले. “जन्मापासून असाच. बोलत नाय. हिरीकडं पळतो, म्हून ती कामाला जाताना कुलूप लावायची. बाहेरचं मानूस आलं का तोंडावर हात ठिवून गप बसायचं, आसं तिनंच शिकवलं त्याला. तुमी लोक येता म्हून.”

“मग परवा निरोप आला तेव्हा तरी सांगायचं!”

“आमाला वाटलं संगती नेला त्याला. आईशप्पथ तसंच वाटलं. आन निरोपात ‘घरचं कोनी हाय का’ आसं इचारलं. आता पंचनाम्यात जे लिवलं तेच लिवाया नगं का? दुसरं लिवलं आस्तं तं तिचं बंद झालं आस्तं, आन आमी पाच जन आत.” मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तुमी बी तं लिवलं ना बाईसाहेब, येकटी ऱ्हाती म्हून.”

लिहिलं होतं.

त्या दिवशी दगूला आण्णांच्या वस्तीवर नेलं. आण्णांच्या बायकोने त्याला आंघोळ घातली, पेज पाजली, आणि सगळा वेळ नवऱ्याला शिव्या दिल्या. मला द्यायला ती बिचकली असावी, नाहीतर त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या.

पुढचं आधी सांगून टाकते. मी दुसऱ्या दिवशी आमच्या नायब तहसीलदारांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, माझ्या ‘एकटी राहते’सकट. त्यांनी फाइल चाळली. मग म्हणाले, “मुलाचा नवा अर्ज घ्या. आईच्या कागदांना दुरुस्तीची टिपणी जोडा. आणि पगारेबाई, इतकी दया करत जाऊ नका. विचारत जा.” ते बोलणं मला मेमोपेक्षा लागलं. दगूचा अर्ज मंजूर व्हायला पावसाळा उजाडला, कारण तो कुठल्याच कागदावर नव्हता. जन्माची नोंद नाही, शाळा नाही, रेशनकार्डावरून नाव तिनेच काढून घेतलेलं. डॉक्टरांनी त्याचे दात बघून वय ठरवलं. पंचनामा त्याच पाच पंचांनी केला. या वेळी सह्या करताना आण्णांनी कागद तीनदा वाचून घेतला. गयाबाईची वाचा परत आली नाही. तिला आण्णांच्या वस्तीवर नेलं, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. दगू आण्णांच्या घरीच राहिला. त्यांच्या सुनेने त्याला जुड्या बांधायला शिकवलं, विहिरीला कठडा बांधून घेतला, आणि कुलूप पुन्हा लागलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्याच्या हयातीचा अंगठा दरवर्षी मी उठवून घेत होते.

माझ्या टेबलावर त्यानंतर रांग हळू सरकायला लागली. साठाऐवजी पंचवीस-तीस माणसं व्हायची. वरचे ओरडायचे. मी प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. किती घरांतून अशी माणसं बाहेर आली ते मी सांगत नाही, कारण त्यातल्या एकाचंही श्रेय मला घ्यायचं नाही. तेच मी आधीही करू शकत होते.

सगळं मार्गी लागलं, असं कोणी म्हणालं की मी मान डोलावते. पण गुरुवारची सकाळ मला कोणाला नीट सांगता आलेली नाही.

मी ठरवलं होतं की कचेरीत साहेबांसमोर जायच्या आधी आईला तिचं पोर दाखवायचं. तीन दिवस ती बाई कमरेला हात लावून खुणावत होती आणि मी तिला दाखल्याचं सांगत होते, त्याची काही भरपाई झाली तर यानेच होईल असं मला वाटलं. दगूला धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि रंगनाथमामांनी त्याचा हात धरून त्याला वॉर्डात आणला. मी मागोमाग, खांद्याला कचेरीची पिशवी, त्यात त्याचा कोरा अर्ज. मला हुरूप आला होता. आता ती रडेल, हसेल, माझा हात धरेल, असं काहीसं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं.

दगूने आईला लांबूनच ओळखलं. मामांचा हात सोडून तो कॉटकडे गेला आणि खाली बसून त्याने तिच्या कुशीत डोकं घातलं. गयाबाईने त्याच्या तोंडावरून, केसांवरून, मानेवरून डावा हात फिरवला. भराभर, जणू तो सगळा आहे ना ते मोजून घेत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिची नजर वर आली आणि मी दिसले.

तिने पायाशी असलेली चादर ओढली आणि दगूच्या डोक्यावरून घातली. एका हाताने नीट जमेना, पुन्हा ओढली, त्याचा खांदा झाकला, शर्टाची बाही बाहेर राहिली होती ती आत ढकलली. आणि माझ्याकडे बघून मान हलवायला लागली. नाही. नाही. नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “अहो, त्यालाही मिळतं. मुलगा असला तरी मिळतं. मीच चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला.”

ती मान हलवतच राहिली. मी कॉटजवळ गेले तर तिने हात चादरीवर आणखी घट्ट दाबला. मी पिशवी खाली ठेवली, रिकामे हात दाखवले, पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, रडले. ती एकटक माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हाताखाली दगू जराही हलत नव्हता. शेवटी मामा म्हणाले, “बाई, तुम्ही चला.” आम्ही निघालो. दारातून वळून बघितलं तरी तो हात तसाच होता. आमची पावलं जिन्यावरून खाली गेल्यावरच तिने चादर काढली, असं सिस्टरने मला नंतर सांगितलं.